सास आई थी

१

दुपारची जेवणं उरकली की मी डबा घेऊन घरून निघायचे. टावर चौकात टांगा मिळाला तर ठीक, नाहीतर पायी. दवाखान्याच्या पायऱ्यांवरच तो आवाज ऐकू यायचा. हूंऽऽ... आणि मग फस्. हूंऽऽ... फस्. तो कानावर पडला की मी उरलेल्या पायऱ्या सावकाश चढायचे. आवाज चालू आहे म्हणजे वहिनी आहे.

आवाज पेटीचा. जाड लाकडाची, माणूस आडवा मावेल एवढी लांब पेटी. मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मनात काय आलं ते लिहीत नाही. वहिनी गळ्यापर्यंत त्या पेटीत होती. डोकं तेवढं बाहेर, गळ्याभोवती रबराची पट्टी. पायाकडच्या बाजूला विजेवर चालणारा चामड्याचा भाता. तो पेटीतली हवा ओढून घेई तेव्हा आत वहिनीची छाती वर येई आणि नाकातून वारा आत जाई. भाता सुटला की श्वास बाहेर. वीज गेली तर ओढायला भात्याला एक लांब दांडा होता. सिस्टरने मला तो शिकवून ठेवला होता. ओढला की आत, सोडला की बाहेर.

गणपतीत वहिनीला ताप आला. आधी पाय गेले, मग हात, मग छाती. पोलिओ मुलांना होतो एवढंच मला ठाऊक होतं. आमचे डॉक्टर, ज्यांना सगळं गाव भय्यासाहेब म्हणतं, त्यांनी इंदूरहून ही पेटी उसनी आणवली, म्हणून वहिनी वाचली.

पण पेटी उसनी होती. इंदूरला एक लहान मुलगी त्याच दुखण्याने पडली होती. तिला अजून कसाबसा श्वास घेता येत होता, पण रोज थोडा कमी. दिवाळी झाली की पेटी परत करायची असं ठरलं होतं. तोवर वहिनीचा स्वतःचा श्वास सुरू व्हायला हवा.

तो सुरू झाला का, हे बघायची भय्यासाहेबांची रीत साधी होती. कापसाचा एक तंतू तिच्या नाकाखाली धरायचा. तंतू पेटीच्या तालावर हलला तर तो पेटीचा वारा. मधेच, बेतालात हलला, तर तो वहिनीचा. रोज सकाळी ते तंतू धरत. रोज तो हूंऽऽ ला आत ओढला जाई आणि फस् ला बाहेर उडे. मधे काही नाही.

"बघू उद्या," म्हणत ते तंतू खिशात ठेवत.

२

वहिनीच्या शेजारच्या पलंगावर गेंदाबाई सेठाणी होत्या. दाळ बाजारातल्या मोठ्या घरच्या, अंगाने भरघोस, बोलायला त्याहून. नाकातल्या गाठीचं ऑपरेशन झालं होतं आणि दोन्ही नाकपुड्यांत कापसाचे बोळे घट्ट भरलेले होते. पण त्यामुळे तोंड बंद झालं असं नाही, नाकातले आवाज तेवढे गेले. म चा ब झाला, न चा द.

"बाई, बेरी दाक बे पूरी दुकाद की रुई भर दी," असं त्या मला पहिल्या दिवशी म्हणाल्या आणि मी नुसतीच हसले.

भय्यासाहेब विचारत, "दर्द है?" त्या म्हणत, "दही, दही." एका नव्या सिस्टरने खरंच वाटीभर दही आणून ठेवलं. सेठाणींनी खाल्लं आणि म्हणाल्या, "अच्छा था. कल भी पूछदा."

पुढे माझा कान असा सरावला की मी त्यांची दुभाषी झाले. सिस्टर मलाच विचारी, काय म्हणतायत? मी ऐटीत सांगे.

त्या दिवशी वहिनीचा डोळा लागला होता. मी खाली दूध गरम करून आणायला गेले. परत आले तर सेठाणी पलंगावर उठून बसलेल्या, डोळे मोठे केलेले.

"बाई," त्या हळूच म्हणाल्या, "तुबारी भाभी की सास आई थी."

माझ्या हातातलं भांडं हिंदकळलं. एरवीही मी भांडं पडलं की दचकते, स्वतः पाडलेलं असलं तरी. पण हे वेगळं होतं. वहिनीची सास म्हणजे माझी आई. आईला जाऊन वर्ष होऊन गेलं होतं. आणि ते ‘आई’ हिंदीतलं आहे हे कळत असूनही माझ्या मराठी कानाला ते आणखी एकदा टोचलं. सास. आई. एका माणसाला दोनदा हाक मारल्यासारखं.

"कब?" मी विचारलं.

"अबी. तुब दीचे गई, तब. बहुत हल्के से आई. तुब आई, तो चली गई."

"कैसी थी?"

हा प्रश्न मी का विचारला ते मला अजून कळत नाही. सेठाणींनाही तो विचित्रच वाटला असावा.

"कैसी क्या? छोटी सी. कबजोर. आती, रुकती, फिर आती." त्यांनी हात जोडून कपाळाला लावले. "भगवाद की दया है."

आई लहानखुरी होती. कमजोर होती. जिना चढताना दोन पायऱ्या यायची, थांबायची, पुन्हा यायची. सेठाणींनी तिला कधी पाहिलेलं नव्हतं.

३

आईला दमा होता. तिच्या श्वासाच्या शेवटी एक बारीक आवाज यायचा, गरम चहा बशीतून ओठांनी ओढून घ्यावा तसा. सुर्र. लहानपणापासून घरात ती कुठे आहे ते मला त्यावरून कळायचं. सुर्र देवघरात, सुर्र माळ्याखाली. लहान असताना मी झोपत नसे तेव्हा ती थोपटायची. तिची उजवी करंगळी भाजल्यापासून वाकत नसे, ती थोपटतानाही वेगळी उभी राहायची.

वहिनी नागपूरची. लग्न होऊन आली तेव्हापासून आईचं तिच्याशी पटलं नाही. फोडणीत तिचं तिखट जास्त पडे, आईला ठसका लागे, आणि मग आई पदराने तोंड झाकून म्हणे, "बघते हं तुझ्याकडे, अंबिके." दिवसातून कितीदा म्हणायची याला गणती नव्हती. पाटावर पाणी सांडलं, बघते तुझ्याकडे. वहिनी हसली, बघते तुझ्याकडे. वहिनीने शेवटच्या आजारात तिचं सगळं केलं, अगदी सगळं. आणि आईचं शेवटचं बोलणं आम्हा तिघांसमोर झालं. वहिनीकडे बोट करून ती म्हणाली, "हिच्याकडे मी बघते."

मग गेली.

त्या संध्याकाळी दादाला वाढताना मी विचारलं, "दादा, आई शेवटी काय म्हणाली होती रे?"

श्रीपाददादा सरकारी कचेरीत होता. मध्यभारत मोडून नवं राज्य व्हायचं होतं आणि त्याची कचेरी भोपाळला जायची होती. दिवसभर तो कागदांचे गठ्ठे बांधायचा, हाताला सुतळीचे वळ घेऊन यायचा.

"काय म्हणणार? बघते म्हणाली. तिचं नेहमीचंच." त्याने पोळीचा तुकडा तसाच धरला. "आज कापूस हलला का?"

"नाही."

"अंबिका परवा म्हणाली, माझं नागपूर मुंबईकडे चाललं, तुमचं उज्जैन भोपाळकडे, आता माहेरी जायचं तर परराज्यात जायचं. एक एक शब्द फस् च्या वेळी. एवढं बोलायला तिला किती वेळ लागला, जयू." तो हसायला गेला आणि त्याला जमलं नाही.

मी त्याला सेठाणींचं काही सांगितलं नाही. सांगून काय सांगणार होते? तुझी आई तुझ्या बायकोला न्यायला आली आहे, हे?

४

मला बी.ए.ला तर्कशास्त्र होतं. मी स्वतःला समजावलं. सेठाणीबाई झोपेत होत्या. दुसऱ्या कोणाची तरी म्हातारी वॉर्डात डोकावली असेल. कोणतंही एक कारण पुरेसं होतं.

दुसऱ्या दिवशी मी खुर्चीवरून उठलेच नाही. मी वहिनीच्या उजवीकडे बसायचे. डावीकडे भय्यासाहेबांसाठी एक स्टूल होतं, ते रिकामं. वॉर्डात दुपारची सामसूम होती. खिडकीबाहेर कडुलिंबावर पोपट भांडत होते. वॉर्डातल्या सगळ्या बायका नकळत पेटीच्या तालावर श्वास घेत, हे माझ्या आधीच लक्षात आलं होतं. सिस्टर बाटली टेबलावर ठेवायची तीसुद्धा फस् ला. मी मुद्दाम माझा श्वास रोखून धरला आणि ऐकत राहिले.

हूंऽऽ... फस्.

हूंऽऽ... फस्.

हूंऽऽ... सुर्र... फस्.

मी हलले नाही. आवाज डावीकडून आला होता. स्टुलाकडून.

रबर, मी म्हटलं. गळ्याची पट्टी सैल झाली असणार, तिथून हवा शिरते. मी सिस्टरला बोलावलं. तिने पट्टीभोवती कापूस दाबला, कान लावला आणि म्हणाली, ठीक आहे. ती गेली. मी पुन्हा थांबले. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, अगदी बारीक, सुर्र. मी वाकले तसं ते थांबलं. जशी आई, मी स्वयंपाकघराच्या दारात आले की कण्हणं थांबवायची.

भय्यासाहेब संध्याकाळच्या फेरीला आले तेव्हा मी विचारलं, "डॉक्टर, पेटीचे दोन आवाज असतात ना? तिसरा येऊ शकतो?"

"रबर जुनं झालंय." त्यांनी कापसाचा तंतू काढला, धरला, पाहिला. मी तिथेच होते, डोळे फाडून बघत होते. तंतू पेटीबरोबर आत गेला, पेटीबरोबर बाहेर आला. त्यांनी तो खिशात ठेवायच्या ऐवजी वहिनीच्या वरच्या ओठाला चिकटपट्टीने चिकटवून दिला. "राहू दे तिथेच. तुम्ही दिवसभर बसता, तुमचं लक्ष राहील. भाऊबीज झाली की इंदूरची गाडी येईल. त्या मुलीला आता बोलताना दम लागतो म्हणे."

"आणि वहिनी?"

त्यांनी पेटीच्या लाकडावर हात ठेवला. "मग बघू," म्हणाले.

तो शब्द मला नको होता.

५

मी पहारा सुरू केला. स्टूल उचलून भिंतीपाशी नेऊन ठेवलं, कोणाला बसायला जागाच नको. वहिनीचा डोळा लागू देईना. शांतता झाली की ते येतं असं मला वाटत होतं, म्हणून मी अखंड बोलत राहिले. शेजारच्या काकूंचा चिवडा, टावरवरच्या घड्याळाने दाखवलेली चुकीची वेळ, दादाच्या कचेरीची पाटी खरवडून नवी रंगवायला घेतली तर पेंटर ‘प्रदेश’ मधली मात्रा कशी विसरला, काहीही. कापसाच्या तंतूकडे माझी नजर होती, पण खरं म्हणजे कान स्टुलाच्या रिकाम्या जागेकडे होते.

"बाई," सेठाणी म्हणाल्या, "आज दही आई. तुबारे साबदे दही आती."

"मत आए," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर वळवली. "कैसी ददद है," त्या भिंतीकडे तोंड करून पुटपुटल्या. नणंद हा शब्द बोळ्यांतून तसाच निघायचा. "आदे दो दा बेचारी को. क्यों रोकती हो?"

मी पुन्हा वहिनीशी बोलायला लागले. तिने डोळे मिटले, उघडले. तिच्या डोक्यावर एक तिरपा आरसा लावलेला होता, त्यातून ती वॉर्ड बघायची. त्या आरशातून तिने माझ्याकडे पाहिलं आणि फस् ची वाट पाहिली.

"जयू," ती म्हणाली. हूंऽऽ. "थोडी गप्प." हूंऽऽ. "बस." हूंऽऽ. "मला ऐकू." हूंऽऽ. "येत नाही."

"काय ऐकू येत नाही, वहिनी?"

पेटीने हवा ओढली. तेवढा वेळ मला फार लांब वाटला.

"थोपटतंय ते."

"कोण थोपटतंय?"

"पाठीवर." हूंऽऽ. "हळूहळू."

मी पेटीकडे पाहिलं. झाकणाच्या खिट्ट्या लावलेल्या होत्या. आत वहिनीशिवाय कोणाच्या हाताला जागा नव्हती, आणि झाकण उघडलं तर पेटी हवा ओढणंच बंद करते. सकाळी सिस्टर उघडते तेव्हा चौघींची धावपळ असते. मी वहिनीच्या कपाळावर हात ठेवला. माझाच हात गार होता.

भाता हलतो, त्याचा हादरा लाकडाला बसतो, तो पाठीला लागतो. हे कारण मी शोधलं आणि ते चांगलं कारण होतं. तरी मी वाकून लाकडाला कान लावला नाही.

"भीती वाटते का गं?" मी विचारलं.

वहिनी आरशात हसली. "तूच," ती म्हणाली, हूंऽऽ, "घाबरतेस."

६

धनत्रयोदशीला सकाळी सेठाणींच्या नाकातले बोळे निघाले. मी संध्याकाळी पोचले तेव्हा त्या पलीकडे तोंड करून घोरत होत्या, कितीतरी दिवसांनी मोकळ्या नाकाने. सिस्टरने खिडकीत पणती ठेवली होती. बाहेर फ्रीगंजाच्या दिशेने दुकानं विजेच्या माळांनी उजळायला लागली होती, आकाशात अजून थोडा उजेड होता. एकाएकी ते सगळं विझलं. वॉर्डातला दिवा गेला.

आणि तो आवाज गेला.

मला माझे पाय आठवत नाहीत. मी दांड्याशी होते आणि ओढत होते एवढंच. सिस्टर ओरडली, "ओढत राहा, मी भय्यासाहेबांना आणते," आणि तिच्या चपलांचा आवाज जिन्यावरून उतरत गेला.

ओढ, सोड. ओढ, सोड. दांडा जड होता, चामडं करकरत होतं. मी पायाकडे उभी, समोर आरशात वहिनीचा चेहरा, पणतीच्या उजेडात पिवळा. डोळे उघडे, माझ्याकडे लावलेले.

ओढ, सुर्र, सोड.

मी दांडा आणखी जोरात ओढला. नाही नेऊ देणार, मी मनात म्हणत होते, आई, नाही नेऊ देणार. जितका तो आवाज मधे येई तितकी मी घाई करत होते, तो बुडवायला. ओढ सोड ओढ सोड. वहिनीच्या कपाळाला घाम आला. तिचे ओठ हलले पण शब्द निघाला नाही, मी तिला फस् च मिळू देत नव्हते. माझे तळहात सोलवटले होते आणि मी रडत होते.

"अरे, क्या कर रही हो," मागून सेठाणींचा आवाज आला. झोपेतून उठलेला, पण लख्ख. म चा म आणि न चा न. "मत करो ऐसे. उसकी साँस आ रही है."

मी ओढतच होते.

"सुनती नहीं? साँस आ रही है उसकी. अपनी साँस. तुम ऊपर से धौंक रही हो, बेचारी की साँस टकराती है और लौट जाती है."

साँस.

नाकातून, स्पष्ट, वर टिंब दिलेलं. एवढे दिवस ते टिंब कापसात अडकलं होतं. मी भाषा शिकले म्हणून मिरवत होते, म आणि न परत जागेवर बसवत होते, आणि हे एक ऐकलंच नव्हतं. हल्के से आई. छोटी सी. कमजोर. आती, रुकती, फिर आती. तुम आई तो चली गई.

आणि मी ती येऊ नये म्हणून पहारा देत होते.

पण हे कळलं म्हणून हात थांबत नाहीत. हात थांबवणं म्हणजे वहिनीचा श्वास थांबवणं, हे माझ्या अंगात गणपतीपासून मुरलं होतं. सेठाणींची चूक असली तर? मी आरशात वहिनीकडे पाहिलं. तिने पापण्या मिटल्या आणि उघडल्या. हो, असं.

मी दांडा सोडला.

त्या वॉर्डात मी कधी शांतता ऐकली नव्हती. बाहेरून कुठूनतरी टांग्याच्या घोड्याच्या टापा ऐकू आल्या. पणतीची वात तडतडली. वहिनीचा चेहरा हलला नाही. कापसाचा तंतू सरळ लोंबत होता. मी मनाशी आकडेसुद्धा मोजू शकले नाही. दांड्याकडे पुन्हा हात जाणार, तोच

सुर्र.

तंतू आत ओढला गेला. भाता मेलेला होता आणि तंतू हलला.

पुन्हा काही नाही. मग पुन्हा. लहान, अपुरा, चहाच्या घोटासारखा. तो अर्ध्यात थकत होता हे मला दिसलं, आणि तेव्हा काय करायचं ते कोणी न शिकवता कळलं. मी दांड्यावर हात ठेवला आणि तंतूवर डोळे. तो हलायला लागला की मी ओढायचं, त्याच्या मागून, हळू, पुढे पळायचं नाही. तिने घेतला की मी. तिने सोडला की मी. चुकलं की थांबायचं, वाट पाहायची. थोड्या वेळात आमचं जमलं. दांडा हलका झाला होता, पलीकडूनही कोणी ओढावं तसा.

तेव्हा मी तंतूवरून नजर जराशी उचलली.

आरशात वहिनीचा चेहरा होता. त्याच्या डावीकडे, पेटीच्या कडेवर, खांद्याच्या जागी लाकडावर एक तळवा होता. वाळलेला, लहान. तो त्याच तालात लाकडावर हलकेच पडत होता, उचलला जात होता, पडत होता. आवाज मुळीच नव्हता. चार बोटं एकत्र होती. करंगळी वेगळी, उभी.

मी ताल चुकवला नाही. याचं मला पुढे फार नवल वाटलं. एरवी पालीला किंचाळणारी मी.

जिन्यावर पावलं आली, कंदिलाचा उजेड छतावर झुलला. आरशात नुसतं लाकूड उरलं. भिंतीपाशी नेऊन ठेवलेलं स्टूल वहिनीच्या डोक्याशी, डावीकडे होतं.

भय्यासाहेब धापा टाकत आले, मला बाजूला करायला हात पुढे केला आणि तसेच थांबले. त्यांनी कंदील खाली धरला. तंतूकडे बघितलं, माझ्या हातांकडे बघितलं, पुन्हा तंतूकडे.

"हा पेटीचा नाही," ते म्हणाले. मग बसायला हाताने चाचपडून त्यांनी तेच स्टूल ओढून घेतलं.

७

"मैं कब बोली सास?" सेठाणी दुसऱ्या दिवशी घरी जायच्या तयारीत हसत होत्या, पोट धरून. "मेरी खुद की सास आ जाए तो मेरी साँस निकल जाए. तुम्हारी भाभी की सास से मुझे क्या लेना?" आणि जाताना वहिनीच्या गालाला हात लावून म्हणाल्या, "दही खाना, बेटी. नहीं वाला नहीं, असली दही."

भय्यासाहेबांना मी सुर्रचं विचारलं. ते म्हणाले, अशक्त स्नायूंचा श्वास शेवटी असा अडखळतो, पुष्कळांचा. थोपटल्यासारखं वाटणं भात्याचं. स्टूल, कोणीतरी सरकवलं असेल, अंधारात केवढी गडबड होती. मी प्रत्येक वेळी मान हलवली. सगळी कारणं चांगली होती.

मग रोज पेटी थोडा वेळ बंद, थोडा वेळ चालू. नवं राज्य झालं, दादाच्या कचेरीवर नवी पाटी चढली, मात्रा दिलेली. भाऊबीजेला वहिनी पेटीबाहेर पलंगावर होती, उशांना टेकून. मी दादाला ओवाळत होते आणि तो माझ्याकडे बघतच नव्हता. तिचा पदर वर येत होता, खाली जात होता, त्याकडे बघत होता. हातपाय यायला वेळ लागेल, भय्यासाहेब म्हणाले, पण श्वास पक्का. मी पुष्कळ वेळ कान देऊन बसले. वहिनीच्या श्वासात ते सुर्र नव्हतं. साधा, मोकळा, तिचा स्वतःचा होता.

"आता थोपटत नाही कोणी," वहिनी म्हणाली. तिला आता वाक्य सलग बोलता येत होतं. "सासूबाई ओरडत असताना मला नेहमी वाटायचं, ह्या एकदा माझ्याकडे नीट बघतील." एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंदूरची गाडी आली. चौघांनी पेटी उचलून खाली आणली. ट्रकमध्ये चढवण्याआधी ती दवाखान्याच्या अंगणात, कडुलिंबाखाली ठेवली होती. भाता वेगळा बांधून आधीच गाडीत गेला होता. लोक दोर शोधायला पलीकडे गेले.

ऊन पडलं होतं. मी जवळ गेले. डोक्याच्या बाजूचं गोल भोक उघडं होतं, आत अंधार आणि फिनेलचा वास. मी इकडेतिकडे पाहिलं, मग वाकले.

"आई," मी म्हटलं, "इंदूरला एक लहान मुलगी आहे. तिच्याकडे बघ."

पोपट ओरडत होते. मला वाटलं, बी.ए. झालेली मुलगी, लाकडाशी बोलते. मी सरळ होणार होते.

आतून, अगदी जवळून, चहाचा घोट घेतल्यासारखं आलं. सुर्र.

"हटिए, बहनजी," दोर घेऊन आलेला माणूस म्हणाला. मी हटले. त्यांनी पेटी उचलली, आणि मी त्याला सांगितलं की सांभाळून न्या, धक्का लागू देऊ नका.

"खाली है, बहनजी," तो म्हणाला.

"तरीही," मी म्हटलं.